आधी यंत्र, शेवटी माणूस

त्या पिस्तुलातून आम्ही दोघांनी मिळून सहाशे बावन्न गोळ्या झाडल्या. आकडा पक्का आहे, कारण वही माझ्यापाशी आहे. त्यात पिस्तूल एकोणपन्नास वेळा अडकलं. दोष पिस्तुलाचा की काकांच्या उजव्या हाताचा, एवढाच प्रश्न होता. वरवर पाहता तो एका हौशी म्हाताऱ्याच्या शनिवार सकाळचा प्रश्न होता. पण काका डॉक्टरकडे जाणार की नाही हे त्याच्या उत्तरावर ठरणार होतं, आणि ते मला फार उशिरा कळलं.

काका माझ्या नात्यातले नव्हेत. इथे अमेरिकेत, ट्रॉय गावात, आमच्या घरापासून चौथं घर त्यांचं. डेट्रॉइटच्या मोटारधंद्यात चौतीस वर्षं त्यांनी क्वालिटीचं काम केलं. गाडीचा एखादा भाग मोडला तर तो का मोडला हे शोधून काढायचं, एवढंच त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर मोडलेले भाग मिळेनात, तेव्हा ते घराकडे वळले. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधले सेकंद ते मोजत. गराजच्या दाराला तेल कधी घातलं त्याचा तक्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असे.

मराठी मंडळाच्या पॉटलकला, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, ते स्वतः दाण्याची चटणी करून आणत. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असे: तारीख, बॅच नंबर, मिठाचं प्रमाण. एका संक्रांतीला कार्यक्रम आटपून घरी गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बॅच सातमध्ये मीठ दोनदा पडलं आहे. दुसऱ्या दिवशी बर्फात गाडी काढून ते बारा घरी गेले आणि चटणी परत मागवली. अकरा डबे परत मिळाले. बाराव्या घरी चटणी संपली होती.

"छान होती की काका," त्या घरची बाई म्हणाली.

काका दारातच उभे राहून म्हणाले, "छान नव्हती. तुम्हाला ती छान वाटली, हा निराळा दोष आहे."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "आधी यंत्र, मग माल, मग पद्धत. माणूस शेवटी. ऑपरेटरवर बोट ठेवणारा इंजिनिअर आळशी असतो." हे ते नुसतं म्हणत नसत. त्यांच्या कारखान्यात गाड्यांची दारं बसवणारी एक बाई होती. तिनं बसवलेली दारं खडखडतात म्हणून तिला काढायचं चाललं होतं. काकांनी तीन आठवडे मागितले आणि शोधून काढलं की भोकं पाडायचा साचाच केसभर सरकला आहे. ती बाई अजून दर नाताळला त्यांना कार्ड पाठवते. आता काका दक्षिणेत, अर्विंगला मुलीकडे असतात, तर कार्डही तिथे जातं.

पिस्तूल घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. पूर्वी अमेरिकेच्या सैन्यात असायचं त्या घाटाचं, जड, काळं, कुठल्याशा दुसऱ्या देशात बनलेलं. दुकानातलं सगळ्यात स्वस्त तेच. दुकानदार भला होता. तो म्हणाला, थोडे आणखी घाला, याहून पुष्कळ चांगलं मिळेल. काकांनी ऐकलं नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "महागातलं घेतलं तर ते बिघडणार नाही. मग मी शनिवारी करू काय?"

काकूंनी ते एकदाच पाहिलं. "सत्तरी ओलांडली की लोक काशीला जातात," त्या मला म्हणाल्या. "आमच्याकडे पिस्तूल आलं." मग काकांना म्हणाल्या, "अहो, कुलपात ठेवायचं. आणि किल्ली माझ्याजवळ." किल्ली त्यांनी मिसळणाच्या डब्यामागे, हिंगाच्या डबीत ठेवली. दर शनिवारी काका ओट्यापाशी जाऊन किल्ली मागत, आणि पिस्तुलाच्या पेटीला सगळ्या थंडीभर हिंगाचा वास येत राहिला.

माझी बायको हसायची. "त्यांना बंदूक, तुला वही. दोघंही सारखेच." मी सुट्या भागांच्या एका कंपनीत साठ्याचं नियोजन करतो. दिवसभर आकडेच असतात. शनिवारी आणखी एक वही धरायला माझी काही हरकत नव्हती.

नेमबाजीची रेंज टायरच्या एका दुकानामागे होती. बाहेरून गोदाम वाटावं अशी. आत काउंटर, बाकं, कॉफीचं मशीन आणि एक जाड काच. काचेपलीकडे आठ लेन. शनिवारी सकाळी दहाला तिथे फारसं कोणी नसे. कानांवर ते मोठे मफ चढवले की जग एकदम लांब जाई. आवाज येत, पण पाण्याखालून आल्यासारखे. काका पुढे पाठमोरे उभे, दोन्ही हात लांब केलेले. मग माझ्या छातीत एक धक्का, आणि एक पितळी पुंगळी वर उडून, दिव्याच्या उजेडात गिरकी घेऊन माझ्या पायाशी पडे. मला ती अजून तशीच दिसते, खऱ्यापेक्षा फार सावकाश पडणारी. मी मागे बाकावर बसून वहीत एक रेघ ओढी. धूर छताकडे जाई. मोजता मोजता मला कधी कधी वाटे की मी जागा नाही, कुणाच्या तरी लांबलचक स्वप्नात बसलो आहे आणि माझं काम फक्त रेघा ओढायचं आहे. तरी आकडा चुकत नसे.

पन्नास गोळ्या संपल्या की आम्ही काचेबाहेर येऊन थर्मासमधला चहा घेत असू. बाहेर पार्किंगवर बर्फ पडत असे आणि काका त्याच्याकडे बघत बोलत.

"आमचे बाबा खानदेशात दारूगोळ्याच्या कारखान्यात चेकर. सरकारी वसाहत, कडुनिंबाची झाडं. भोंगा वाजला की सगळे सायकलवर. आयुष्यभर त्यांनी काडतुसं तपासली. खिडकीखाली टेबल, टेबलावर पितळ. एकेक उचलायचं, फिरवायचं, ठेवायचं. घरी आले की डोळ्यांवर ओला पंचा घेऊन पडायचे. म्हणायचे, डोळे मिटले तरी पिवळं दिसतं."

"आणि झाडल्या किती?"

"एकही नाही. आवाजाला भ्यायचे रे ते." काका हसले. "दिवाळीत घराची दारं लावून बसायचे. म्हणून म्हटलं, त्यांच्या वाटच्या आपण उडवू थोड्या."

मला ते कारण पुरेसं वाटलं.

त्या पिस्तुलाच्या मालकांचा इंटरनेटवर एक कट्टा होता. कुठले कुठले लोक तिथे आपापल्या पहिल्या दिवसाची हकिकत लिहीत. पन्नास गोळ्या, दोन अडकल्या. शंभर गोळ्या, एकही नाही, बायको खूश. नेम जरा डावीकडे जातो, पण या किमतीत तक्रार नाही. काका हे सगळं पोथी वाचावी तसं वाचत, आणि आवडलेलं मला वाचून दाखवत. एका बाबतीत त्या लोकांचं एकमत होतं: स्वस्त पिस्तुलाला वळण लागायला पाचशे गोळ्या लागतात. तोवर ते अडकणारच. काकांनी पाचशेचा कार्यक्रम आखला. दहा शनिवार, दर शनिवारी पन्नास.

अडकायचं ते असं. गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा भाग जोरात मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि नवी गोळी आत घेतो. तो पुरता मागे गेला नाही तर पुंगळी अर्ध्यातच चिमटली जाते, धुराड्यासारखी उभी राहते. काका त्याला "घास अडकला" म्हणत. ते हात वर करत, पिस्तूल खाली टार्गेटच्या दिशेनं ठेवत, चष्मा सारखा करत आणि न वळता मोठ्यानं म्हणत, "लिही. सव्विसावी."

पहिल्या शनिवारी चार. मग तीन, तीन, दोन. काका खुशीत होते, वळण लागत होतं. पाचव्या शनिवारी तीन. मग चार, चार, पाच, पाच. काकांनी आठ गोळ्या भरायचं नवं मॅगझिन घेतलं. पुढच्या वेळी स्प्रिंग बदलली. त्याच्या पुढच्या वेळी गोळ्यांचा ब्रँड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम. दहाव्या शनिवारी सहा.

रेंजवर एक उंच, पिकल्या केसांची बाई देखरेखीला असे. पूर्वी ती शाळेची बस चालवायची. काकांना ती प्रोफेसर म्हणे. त्या दहाव्या शनिवारी काका हात धुवायला गेले असताना ती माझ्या बाकाशी आली.

"इट्स नॉट द गन, हनी," ती म्हणाली.

तिनं आपला हात पिस्तूल धरल्यासारखा पुढे केला आणि मनगट सैल सोडलं. मनगट घट्ट नसेल तर धक्क्याबरोबर हातच मागे जातो, वरच्या भागाला सरकायला जोर मिळत नाही. नव्या लोकांचं असं होतं, पण ते सुधारतात. "हिज इज गेटिंग वर्स," ती म्हणाली. मग काकांच्या लेनकडे बघून म्हणाली की अजून त्यांची नळी सरळ असते, म्हणून ती गप्प आहे. ज्या दिवशी ढळेल त्या दिवशी ती त्यांना थांबवील.

मी काकांना काही सांगितलं नाही. सांगावंही लागलं नाही. अकराव्या शनिवारी ते गाडीतच म्हणाले, "यंत्र झालं. माल झाला. पद्धतही तपासली. आता काय राहिलं?"

मी गाडी चालवत होतो. "काय राहिलं?"

"माणूस," ते म्हणाले. "आज तूही चालवायचं. चोवीस मी, चोवीस तू. तीन-तीन मॅगझिनं. आणि तू चालवत असताना मी आत थांबणार नाही. साहेब मागे उभा राहिला की कामगार खोटे आकडे लिहितो. मी बाहेर चहा घेतो. तुझं तू लिही."

त्यांच्या चोवीस गोळ्यांत घास तीनदा अडकला. मग ते बाहेर गेले आणि काचेकडे पाठ करून बसले.

नवशिक्यांचा वर्ग मी त्यांच्याबरोबरच केला होता, त्यामुळे मला जमलं. आठ गोळ्या, आठ पुंगळ्या. पुन्हा आठ. पुन्हा आठ. पिस्तूल शिवणयंत्रासारखं चाललं. चोविसावी पुंगळी पडली तशी मी ते मोकळं करून ठेवलं आणि वही उघडली. काचेतून मला काका दिसत होते. थर्मासचं स्टीलचं झाकण त्यांनी दोन्ही हातांत धरलं होतं आणि तोंड खाली नेऊन चहा घेत होते. पूर्वी ते झाकण एका हातात धरून दुसऱ्यानं बर्फाकडे बोट दाखवत.

मी वहीत तीन लिहिलं. कुठल्या मॅगझिनची कितवी गोळी, तेही.

माझ्या नोकरीत मी एक खिळा इकडचा तिकडे दाखवलेला नाही. टॅक्सच्या फॉर्मवर मी सेंटसुद्धा गोल करत नाही. पण तो तीन लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही, हेही इथे लिहिलं पाहिजे.

काकांनी आकडा पाहिला. "तीन," ते म्हणाले. "म्हणजे माझ्याइतकेच."

"हो."

"बरं." घरी जाताना त्यांनी रेडिओ लावायला सांगितला. तो त्यांना एरवी चालत नसे.

पुढच्या शनिवारी त्यांचे तीन, मी लिहिले तीन. त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांचे चार, मी लिहिले तीन. काका म्हणाले, आता शंका नको, पिस्तूलच सदोष आहे. आपण कंपनीला पत्र लिहू, तक्त्यासकट. साक्षीदार म्हणून खाली तुझी सही लागेल.

त्याच आठवड्यात, बुधवारी, मी ऑफिसातून येताना काकू बर्फ वितळावा म्हणून त्यांच्या ड्राइव्ह-वेवर मीठ टाकताना दिसल्या. मी थांबून त्यांच्या हातातली बादली घेतली.

"पत्र लिहितायत," काकू म्हणाल्या. "चार पानं झाली. अक्षर बघितलंस का त्यांचं? मुंग्यांएवढं झालंय. सामानाची यादी मला भिंग घेऊन वाचावी लागते."

"डॉक्टरांना दाखवलंत का?"

"अरे, तेच तर!" त्यांनी मला वेड्यात काढल्यासारखं बघितलं. "तुला बोलले नाहीत? चार महिने मागे लागलेय मी. शेवटी कबूल झाले. म्हणाले, माझ्या हाताची आणि पिस्तुलाची चौकशी चालू आहे. पिस्तूल चांगलं निघालं तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. सदोष निघालं तर हा विषय बंद." त्यांनी मिठाची मूठ पायरीवर टाकली. "आता म्हणतात, सदोष निघालं."

मी उरलेल्या पायऱ्यांवर मीठ टाकलं. बादली परत दिली. त्या रात्री मला झोप लागली, आणि झोपेत मी मोजत होतो. काय मोजत होतो ते आठवत नाही. सगळं पिवळं होतं.

शनिवारी काका रेंजच्या बाकावर आधीच येऊन बसले होते. काकूंनी त्यांना सोडलं होतं. शेजारी पत्र, मांडीवर पत्रासाठी माझ्याकडून नेलेली वही.

"ये," ते म्हणाले. "सही करायचीय तुला."

"काका, त्याआधी मला काहीतरी सांगायचंय."

"थांब. आधी माझं." त्यांनी वही उघडली. उजवा हात जाकिटाच्या खिशात होता, डाव्या हाताचं बोट ओळीवर ठेवलं. "तुझी नऊ मॅगझिनं. नऊ घास. प्रत्येक मॅगझिनमध्ये एक. कधी पाचवी गोळी, कधी सहावी. एका मॅगझिनमध्ये दोन कधी नाहीत. मोकळं गेलेलं मॅगझिन एक नाही. आता माझं बघ. एकात तीन, पुढच्या दोनांत काहीच नाही. बिघाड असा असतो, गबाळा. तुझा बिघाड म्हणजे तेल लावून घातलेली वेणी."

मी म्हणालो, "माझ्या हातात एकदाही अडकलं नाही, काका."

"बहात्तरात?"

"बहात्तरात."

त्यांनी मान हलवली. काचेपलीकडे कुणीतरी सावकाश, एकेक गोळी झाडत होतं. आमच्या बाजूला नुसता ठोके पडल्यासारखा आवाज येत होता.

"खोटे आकडे लिहिणारे मी पुष्कळ बघितले," ते म्हणाले. "बढतीसाठी लिहितात. साहेबाच्या भीतीनं लिहितात. माझ्यासाठी कुणी लिहिले नव्हते."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच शनिवारी."

"मग पुढचे दोन शनिवार गप्प का बसलात?"

काकांनी दाराकडे बघितलं. दारातून एक बापलेक आत आले, त्यांच्याबरोबर थंड हवा आली आणि दार मिटलं.

"बरं वाटत होतं रे," ते म्हणाले.

मग ते एकदम कामाला लागले. खोडायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. खालचा आकडा वाचता आला पाहिजे, अशी एकच रेघ मारायची, शेजारी खरा आकडा आणि सही. मी तीन ठिकाणी रेघ मारली, तीन ठिकाणी शून्य लिहिलं, तीन सह्या केल्या. चार पानी पत्र त्यांनी फाडलं नाही. ते कधीच काही फाडत नसत. वर डाव्या हातानं 'रद्द' लिहून त्यांनी त्याची घडी केली.

"पाठवलं असतं तर काय झालं असतं माहितीय?" ते म्हणाले. "तिकडे कुठेतरी कारखान्यात एक चेकर असेल. त्याला बोलावलं असतं. विचारलं असतं, हे तुझ्या टेबलावरून कसं गेलं?" ते उठले. "चल आत. एक मॅगझिन चालव. आज मी मागे उभा राहतो."

मी मफ चढवले. आठ गोळ्या. त्या आठ मी अगदी हळू झाडल्या, दोन गोळ्यांमध्ये श्वास सोडून, पुन्हा घेऊन. मागे वळून बघितलं नाही, पण ते तिथे आहेत हे पाठीला कळत होतं. आठही पुंगळ्या उडाल्या. शेवटची काकांच्या जाकिटावर आपटून खाली पडली. ती गरम असते, पण ते हलले नाहीत.

मी त्यांना घरी सोडलं. मी त्यांच्याबरोबर घरात गेलो. काकू ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होत्या.

"अगं," काका म्हणाले, "पिस्तूल चांगलं आहे."

काकूंच्या हातातली जुडी तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"सोमवारी फोन करते मग," त्या म्हणाल्या.

"कर."

मग काकांनी उजवा हात खिशातून बाहेर काढला आणि ओट्यावर, निवडलेल्या कोथिंबिरीच्या ढिगावर ठेवला. नुसता ठेवला, दाखवायला. खिडकीतून बर्फाचा पांढरा उजेड आत येत होता. हाताखालची पानं हलत होती, वारा लागल्यासारखी, आणि थांबत नव्हती. आम्ही तिघं ती पानं बघत राहिलो.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

काका अंदाजे उत्तर कधी देत नसत.

"गेल्या मार्चपासून," ते म्हणाले. "मंगळवार होता. दाढी करताना पहिल्यांदा."

मी दाराशी वाकून बुटांचे बंद बांधत होतो. माझे हात तिथेच थांबले. पिस्तूल आम्ही ऑक्टोबरात घेतलं होतं, दुकानातलं सगळ्यात स्वस्त.